बंद पाणी

माझा भाऊ क्लिफर्ड फेब्रुवारीत गेला, नदीवर बर्फ असताना. गेला तो गेला, पण जाताना घराण्याच्या म्होरक्याचं नाव, डोह आणि सगळी भांडणं माझ्या गळ्यात घालून गेला. आमच्यात, या नदीकाठच्या मूळ लोकांत, सगळं आईकडून चालतं. मामाचं भाच्याला जातं, आणि भाचा धड नसेल तर बहिणीला. आमच्या धाकट्या बहिणीचे दोन्ही मुलगे शहरात. एकाला मासा चिरता येत नाही, दुसऱ्याला मासा आवडतच नाही. मग राहिले मी. डेल्फीन. वय बासष्ट, गुडघे कामातून गेलेले, तोंड शाबूत.

ऑगस्टच्या शेवटी गावजेवण घालून क्लिफर्डच्या थडग्यावर दगड बसवायचा आणि त्याच जेवणात नाव माझ्यावर ठेवायचं, असं ठरलं होतं. ते नाव मी इथे सांगणार नाही. ते पंगतीच्या हॉलमध्ये पाहुण्यांच्या तोंडूनच निघायचं असतं. आणि आमच्या घराण्याची रीत अशी, की त्या पंगतीत आपल्याच पाण्यातला सॅमन मासा वाढायचा. दुकानातला चालत नाही, दुसऱ्याच्या डोहातला तर नाहीच नाही. पाहुण्यांनी तो खाल्ला की नाव बसलं. नाही वाढला तर लोक म्हणतात, नाव उपाशी आहे. उपाशी नावाच्या माणसाला हॉलमध्ये काळं कुत्रंही विचारत नाही.

आणि जुलैत मासाच आला नाही.

माझी मुलगी जोलीन वरच्या ओढ्यावर मोजणीच्या फाटकावर कामाला आहे. ते फाटक आमच्याच लोकांनी बांधलं, आमचीच माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मासे मोजतात. मासा दमलेला दिसला तर त्याला लाकडी पेटीत ठेवायचं, तोंड प्रवाहाकडे करून, धाप थांबेपर्यंत. मग वर सोडायचं. एरवी जुलैत जोलीनला जेवायला फुरसत नसते. यंदा मी डबा घेऊन गेले तर बाईसाहेब फाटकावर बसून विणकाम करत होत्या.

"पगार घेऊन स्वेटर विणतेस होय गं?" मी म्हटलं.

"मासे आणून दे, सुया टाकते," ती म्हणाली. मग सुया खाली ठेवून म्हणाली, "आई, हसू नकोस. हे असं मी कधी पाहिलं नाही. जे दोन-चार येतात त्यांच्या अंगात जीव नसतो. पाणी गरम आहे."

मी पाण्यात हात घातला. आमच्या नदीचं पाणी जुलैतही हाताला चावायला पाहिजे. हे अंघोळीला चाललं असतं.

आमचा डोह कड्याखाली आहे, नदी वळते तिथे. पाणी तिथे मागे फिरतं, आणि वर चढणारा प्रत्येक मासा तिथे दम खातो. म्हणून तर तो डोह आमच्या पूर्वजांनी धरला. तिथे जाळं टाकायला अक्कल लागत नाही. पण मासा थोडा असताना तिथे जाळं टाकणं म्हणजे उंबऱ्यावर बसून दम खाणाऱ्या म्हाताऱ्याचा गळा दाबणं. घरी येताना मी ठरवलं, आणि संध्याकाळी दारोदार जाऊन सांगून आले: डोह बंद. माझ्या घराला आधी बंद, मग बाकीच्यांना.

क्लिफर्डचा मुलगा लॉर्न माझ्या अंगणात मासे धुरावर वाळवायच्या धूरघराच्या काठ्या घासत होता. चाळिशीचा गडी, बापासारखा रुंद. तो आमच्या घराण्याचा नाही, त्याच्या आईच्या, म्हणजे बेडूक कुळाचा. पण बापाची शेवटची दोन वर्षं त्याने काढली. अंघोळ घालण्यापासून सगळं. पोटच्या मुलीने केलं नसतं एवढं.

"आत्या, डोह बंद? आणि बाबाच्या जेवणाचं काय?"

"बघू."

"बघू म्हणजे? लोकांना काय वाढणार? मॅकरोनी?"

"काठ्या घास तू."

"कशाला घासू? त्यांच्यावर काय सॉक्स वाळत घालायचेत?" असं म्हणून त्याने ब्रश बादलीत टाकला आणि निघून गेला.

पेट्रोल पंपावर अमोस भेटला. खालच्या गावचा गरुड कुळाचा म्होरक्या. क्लिफर्डशी त्याचं जन्मभर वाकडं, आणि जेवणात साक्षीला पहिला मान त्याचाच. दैव असतं एकेक.

"काय डेल्फीनबाई, उपास धरलाय म्हणे?"

"धरलाय. तूही धर. पोट बघ जरा."

"मी कशाला? माझं पाणी तुझ्या खाली आहे. समुद्रातून येणारा मासा आधी माझ्याकडे येतो, उरला तर तुझ्याकडे. तू उपाशी बस, मी जेवतो." आणि हसला, सगळे दात दाखवून. खोटे सगळे.

त्याच आठवड्यात सकाळी मला इंजिनाचा आवाज आला. खिडकीतून बघते तर कड्याखाली, माझ्या डोहाच्या बरोबर मध्यावर, लॉजवाल्यांची बोट. वरच्या अंगाला तो लॉज आहे, लांबलांबून लोक विमानाने येतात, गळाने मासे धरतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. याला ते खेळ म्हणतात. चार पाहुणे नव्याकोऱ्या रेनकोटात उभे, आणि लाल दाढीचा गाइड त्यांना गळ बांधून देतोय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुडघे कुरकुरत होते, तरी मी होडी ढकलली आणि वल्हवत गेले.

"हे पाणी बंद आहे," मी म्हटलं.

"मासेखात्याने बंद केलेलं नाही, आजी. परवाना आहे."

"आजी कुणाला म्हणतोस? मी बंद केलंय."

त्याने दाढी खाजवली. तेवढ्यात एका पाहुण्याच्या गळाला लागला. स्टीलहेड, सॅमनचाच भाऊबंद, हाताएवढा लांब. बराच वेळ खेळवला त्याला. मग बाहेर काढून छातीशी धरला, मान तिरकी करून हसला, फोटो झाला, दुसऱ्या बाजूने फोटो झाला. मासा तोंड उघडतोय, मिटतोय. कल्ल्यातून रक्त.

"काळजी करू नका हं," तो पाहुणा मला म्हणाला. गोड माणूस होता. "आम्ही एकही मारत नाही. सगळे सोडतो."

त्याने सोडला. मासा पोट वर करून माझ्या होडीला येऊन लागला. मी शेपटीपाशी धरला, तोंड प्रवाहाकडे केलं आणि धरून बसले. खांदा भरून आला, बोटं बधिर झाली. कल्ले एकदा हलायचे, मग नाहीत, मग एकदा. मागे कॅमेरा वाजला. वळून बघितलं तर ते माझाच फोटो काढत होते. माझा! नदीतली म्हातारी, मासा धरलेली. घरी जाऊन भिंतीवर लावतील.

मासा हातातच मेला. त्यांना सांगितलं नाही मी. काय उपयोग?

मासेखात्याला फोन केला. तिसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला, स्वच्छ धुतलेल्या गाडीतून. माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायला.

"तुम्ही स्वतःहून बंद ठेवलंत, फार कौतुकाची गोष्ट आहे," तो म्हणाला.

"कौतुक राहू दे. ती बोट काढा."

"तसं करता येत नाही. तुमचं बंद हे तुमच्या लोकांपुरतं. इतरांना परवाने दिलेले आहेत. खातं परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे. कदाचित पुढच्या महिन्यात..."

"पुढच्या महिन्यात मासे निघून गेलेले असतील. म्हणजे घराला मी कुलूप लावायचं, माझीच माणसं बाहेर ठेवायची, आणि चोर आत?"

"चोर नाही म्हणता येणार. परवाना आहे."

लॉर्न दारात उभा राहून ऐकत होता. तो माणूस गेल्यावर आत आला. "बरोबर बोलला तो. आयत्या बिळात नागोबा. पण बीळ तूच खणून दिलंस, आत्या. आपली जाळी होती तेव्हा त्यांना तिथे बोट लावायला जागा नव्हती. आता ऐसपैस बसतात."

 खरं होतं ना ते.  त्या रागात मी क्लिफर्डचा जुना कप सिंकमध्ये आपटला आणि त्याचा कान तुटला. मग त्याचंही वाईट वाटलं.

बोट रोज यायला लागली.

जेवणाच्या आदल्या आठवड्यात मी सकाळी दार उघडलं आणि पाण्यावर पांढरे गोळे दिसले. जाळ्याचे तरंगते बोये. एका रांगेत, कड्यापासून आतपर्यंत. कोणाचं जाळं हे विचारायची गरज नव्हती. क्लिफर्ड दोराला निळी गाठ मारायचा.

मी उतारावरून जवळजवळ बसत बसत उतरले. लॉर्न दगडावर बसून सिगारेट ओढत होता.

"काढ ते!"

"नाही काढणार."

"लॉर्न, काढ म्हणते ना!"

"बाबाचा दगड बसेपर्यंत बाबा गेलेला नाही. तोपर्यंत मी त्याच्या हक्काने उतरतोय. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून उतरतोय."

"त्याच्यावर माती पडली त्याच दिवशी तुझा हक्क संपला, मूर्खा! बापाच्या पाण्यात मूल उतरतं ते बाप जिवंत असेपर्यंत. दगडाचा काय संबंध? एवढंही शिकवलं नाही का तुला त्याने? आता उतरायचं तर मला विचारायचं."

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"नाही म्हटलं असतं."

"मग विचारून उपयोग काय?"

"उपयोग हाच, की नाही म्हणायला मी आहे."

तो उठला. त्याचे डोळे लाल होते, सिगारेटने नाही. "त्याला मी घास भरवला, आत्या. शेवटी तोंडातून बाहेर यायचा तो पुसला. आणि त्याच्या जेवणाला लोक पॅकेटातला हॅम खाऊन जाणार? अमोस हसणार? ते लॉजवाले तिथे बसून खेळणार, आणि त्याच्या पोराने एक मासा काढायचा नाही?"

 मलाही रडू येत होतं. पण मी दोर धरला आणि ओढायला लागले. ओलं जाळं किती जड असतं ते ओढल्याशिवाय कळत नाही. तळव्याची कातडी गेली. दोनदा पाय घसरून पाण्यात बसले.  मग लॉर्नने शिवी हासडली आणि पलीकडचा दोर धरला.

लाल सॅमन निघाले, एका टेबलालाही पुरले नसते एवढे. आणि त्यांच्यात एक गाभोळीने टम्म फुगलेली मादी. लॉर्नने ती बघितली आणि मान फिरवली.

जाळं पुरतं बाहेर यायच्या आत खात्याची गाडी आली. लॉजवाल्यांनी कळवलं होतं. आम्ही बोट काढा म्हणून फोन केला तेव्हा तीन दिवस, आणि आमचं जाळं दिसलं तर चहा निवायच्या आत! तोच माणूस, बरोबर दोघे.

"तुमच्या लोकांना इथे बंदी आहे, तुम्हीच केलेली. म्हणजे हे बेकायदा," तो म्हणाला. "जाळं जप्त करावं लागेल. मासेही. मुद्देमाल आहे तो."

"मासे नेऊन काय करणार?"

"फ्रीझरमध्ये ठेवू. केस संपली की विल्हेवाट लावू."

"विल्हेवाट म्हणजे?"

त्याने वही उघडली. फेकून देतात, हे त्यालाही ठाऊक, मलाही.

मी खाली बसले, कमरेची सुरी काढली आणि पहिला मासा चिरायला घेतला. डोकं, पोट, कणा. हेच काम मी पन्नास वर्षं केलंय, रागाने आणखी भराभर होतं.

"बाई, थांबा. तुम्ही पुरावा नष्ट करताय."

"पुरावा तुझ्या घरी. हे अन्न आहे. मेलेलं आहे ते आमच्या चुकीने, आणि चूक आमची आहे तर निस्तरणार आम्ही. माझ्या पाण्यात माझ्या भावाच्या मुलाने चोरी केली. त्याची शिक्षा मी देईन. तू मध्ये कोण? तुला काढायचे तर फोटो काढ. सगळेच काढतात."

तोवर गावातली माणसं उतारावर जमली होती.  त्याने मासे मोजले, फोटो काढले, जाळं गाडीत घातलं, लॉर्नला कोर्टाची तारीख दिली आणि गेला. क्लिफर्डने दोन हिवाळे बसून विणलेलं जाळं. गाडीच्या मागे त्याचा दोर जमिनीवर फरफटत होता.

मी टब भरला आणि लॉर्नपुढे ढकलला.

"म्हाताऱ्यांच्या घरोघरी जा. प्रत्येक दारात सांग, की हा मासा बंद डोहातला आहे, मी न विचारता काढला. मग दे."

"आत्या, त्यापेक्षा कोर्टात जातो."

"तिकडे तर जाशीलच. आधी इथे."

गेला तो. टब दोन्ही हातांनी पोटाशी धरून, प्रत्येक दारात. पलीकडच्या गल्लीतल्या म्हातारीने मासा घेतला आणि त्याच्या कानाखाली वाजवली, मग आत बोलावून कॉफी दिली. हे त्यानेच मला सांगितलं, गाल चोळत.

जेवणाच्या दिवशी हॉल खच्चून भरला. प्रत्येक कूळ आपापल्या बाजूला. सूप झालं, पाव झाला, बटाटे, हॅम, रानातली बेरीची फळं झाली. सगळ्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे. मासा कधी येतो?  त्या क्षणी मला डोहही नको होता आणि नावही नको होतं. क्लिफर्ड समोर असता तर त्याला धरून बदडला असता.

आधी लॉर्न उभा राहिला. आमच्या घराण्यापुढे त्याने घोंगड्या ठेवल्या, साखरेची पोती ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "मी माझ्या बापाच्या लोकांना न विचारता त्यांच्या पाण्यात उतरलो. माझी लाज मी इथे धुतो."  कोणी हसलं नाही.

मग मी जोलीनला खूण केली. ती आणि पोरी बश्या घेऊन आल्या, आणि एकेका पाहुण्यापुढे एकेक ठेवली. रिकामी बशी.

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. कोणीतरी मागून म्हणालं, "विसरली की काय वाढायला?"

"विसरले नाही," मी म्हटलं. टेबल धरून उभी राहिले. "आमच्या पाण्यातलं आम्ही वाढतो ही रीत. आमच्या पाण्यात यंदा जे काढण्यासारखं आहे ते वाढलंय. नीट बघून घ्या. जे मूठभर आले ते वर गेले, अंडी घालायला. ते तुमच्या बशीत घातले असते तर आज नाव बसलं असतं, आणि चार वर्षांनी, यंदाच्या अंड्यांतले मासे परत यायच्या वेळी, माझ्या मुलीने तुम्हाला हीच बशी वाढली असती, मासा नदीत ठेवला म्हणून नव्हे, उरला नाही म्हणून. नाव उपाशी म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणते, नदी उपाशी आहे आणि आपण हॅम खाऊन ढेकर देतोय. मला कोणाची परवानगी नको. साक्ष पाहिजे. द्यायची नसेल तर आहेर घ्या आणि घरी जा."

जास्तच बोलले. पण एकदा सुटलं की माझं तोंड थांबत नाही.

सगळे अमोसकडे बघायला लागले. पहिला मान त्याचा. त्याने बशी उचलली, उलटी केली, परत सुलटी केली. आता हा काहीतरी कुजकट बोलणार आणि मी त्याच्या डोक्यात सूपचं भांडं घालणार, अशी माझी खात्री होती.

"जोलीन," तो म्हणाला, "पिशवी आण."

आमच्यात पाहुणा आपल्या वाट्याचं उरलेलं घरी नेतो. नेलं नाही तर यजमानाचा अपमान. जोलीनने पिशवी आणली. अमोसने रिकामी बशी तीत घातली, वर गाठ मारली.

"घरी नेतो हे," तो म्हणाला. "बायको विचारेल, काय आणलंस? तिला काय सांगू, डेल्फीन?"

"सांग, तुझ्या जाळ्यातून जे उरलं ते आणलं."

त्याचं तोंड पडलं.  मग त्याने पिशवीची गाठ आणखी आवळली. "लागलं ते. लागायलाच पाहिजे होतं. आज घरी जाऊन माझं जाळं काढतो." आणि तो उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि माझ्या भावाकडे होतं ते घराण्याचं नाव मोठ्याने उच्चारलं, माझ्याकडे बोट करून. मग बाकीच्यांनी. भिंती हादरल्या. मी रडले का? रडले. लपवायचं काय त्यात?

पण साक्ष दिली की ती निभवावी लागते, नुसतं नाव ओरडून भागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर कड्याखाली होड्या. माझ्या गावच्या, अमोसच्या गावच्या, कुठल्याकुठल्या. डोहाच्या तोंडावर कडेला कड लावून बांधलेल्या, आरपार. मधल्या होडीत अमोस, मांडीवर थर्मास.

"उशीर झाला उठायला, म्होरक्याबाई," तो ओरडला.

लॉर्न काठावर उभा होता, बूट घालून, पण पाण्याबाहेर. मला बघून त्याने टोपी काढली.

"आत्या, मी येऊ का आत?"

"ये. तो टोकाचा दोर ढिला आहे, धर."

तो पाण्यात उतरला. थोड्या वेळाने लॉजवाल्यांची बोट आली, वळणावरून झोकात, आणि होड्या बघून इंजिन एकदम मंद केलं. नवे पाहुणे, नवे रेनकोट. लाल दाढीवाला उभा राहिला.

"मला परवाना आहे!"

"आहे ना?" अमोस म्हणाला. "मग तो पसर पाण्यावर आणि ये त्याच्यावरून चालत."

सगळे हसले. गाइडने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. बोट आत घालायची तर आमच्या होड्यांवरूनच घालावी लागली असती. प्रवाह त्याला होड्यांकडे रेटत होता, आणि तो इंजिन उलटं चालवून बोट थोपवत होता. शेवटी त्याने माझ्याकडे बघितलं. या खेपेला आजी म्हणाला नाही.

"मग मी काय करायचं?"

"विचार."

"काय विचारू?"

"आत येऊ का, असं विचार. इतकी वर्षं येताय, एकानेही विचारलेलं नाही."

त्याच्या पाहुण्यांनी कॅमेरे खाली केले होते. त्याचे कान दाढीसारखे लाल झाले. पण विचारलं त्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"आत येऊ का?"

"नाही," मी म्हटलं.